‘अडकलेले’ या विषयावर फोटो हवेत. माणसं रोज सोडवतो, पण फोटोत नुसती लिफ्टच येते

तिकोनी_चावी

नमस्कार मंडळी. आमच्या फोटोवाल्या ग्रुपचं छोटंसं प्रदर्शन आहे. विषय ‘अडकलेले’. विषय वाचून दाखवला तेव्हा अख्खा ग्रुप माझ्याकडे बघून हसला, कारण मी लिफ्ट मेकॅनिक. दादर, परळ, शिवडी या पट्ट्यातल्या बिल्डिंगा माझ्याकडे, राहायला बदलापूर. कॅमेरा सेकंडहँड, लेन्स त्याच्याबरोबर आलेली साधी १८-५५. सगळ्यांना वाटतंय की या वेळी माझं काम सोपं आहे. मला तर काहीच सुचत नाहीये.

अडकलेला माणूस कसा असतो ते आधी सांगतो. सुरुवातीला दार बडवतो, हाका मारतो, घंटीचं बटण दाबून धरतो. ते फार वेळ चालत नाही. मग मोबाइल काढतो, रेंज नसते. मग गप्प. आत चारपाच जण असतील तर पहिल्यांदा सगळे बोलतात, एखादा विनोदही करतो, आणि नंतर कुणी कुणाकडे बघत नाही. मी जिन्यावरून ओरडतो, “किती जण आहात? बरे आहात ना? दार ओढू नका!” आतून उत्तर येतं ते एकदम मऊ आवाजात. बाहेर आल्यावर शिव्या घालतील म्हणून आपण तयारीत असतो, पण पुष्कळदा पहिला प्रश्न असतो, “वाजले किती?” हातात मोबाइल असतो, तरी.

आणखी एक. लोकांना वाटतं लिफ्ट खाली कोसळणार. आत एकटाच माणूस असेल तर ब्रेक सोडल्यावर केबिन खाली नाही, वर जाते. दोराच्या दुसऱ्या टोकाला लटकवलेलं वजन, म्हणजे काउंटरवेट, हे रिकामी केबिन अधिक साधारण निम्मा भार एवढं जड ठेवलेलं असतं, त्यामुळे एका माणसाच्या वजनाला ते भारी पडतं. मेन स्विच बंद करून, हाताने ब्रेक सोडून मी त्याला जवळच्या मजल्याला आणत असतो, आणि अंधारात आपण वर चाललोय हे कळल्यावर त्याचा उरलासुरला धीर सुटतो. हवा संपेल ही पण एक भीती. केबिनला हवेसाठी फटी असतात, हवा संपत नाही. पण हे आत उभं असताना कुणाला पटवणार?

तर हे सगळं मला माहीत आहे आणि फोटोत यातलं काही म्हणजे काही येत नाही. आतापर्यंतची कामगिरी:

दादरच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये अजून कोलॅप्सिबल गेटची लिफ्ट आहे. तिथल्या सेक्रेटरींच्या मुलाला जाळीच्या आत उभं केलं, बोटं जाळीवर ठेवायला लावली. फोटो छान आला. अगदी ‘बालमजुरी थांबवा’ च्या पोस्टरसारखा छान.

नव्या टॉवरमधली रिकामी स्टीलची केबिन काढली. ती लिफ्ट कंपनीच्या कॅटलॉगमध्ये खपून जाईल.

दारावरचा मजल्याचा लाल आकडा जवळून काढला, कारण आतले सगळे तिकडेच बघत बसलेले असतात. फोटोत आकडा अर्धाच येतो. ८ चा ३ होतो, कधी नुसत्या दोन काड्या.

आणि सगळ्यात भारी फोटो मी काढलेलाच नाही. वॉचमनच्या केबिनमध्ये सीसीटीव्हीचा पडदा असतो. माणसं सोडवल्यावर वॉचमन कौतुकाने रेकॉर्डिंग दाखवतो. वरून दिसणारी डोकी, एक बाई खाली मांडी घालून बसलेली, पिशवीतली भाजी नीट लावतेय. एक पोरगा आरशात केस विंचरतोय. तो पडदा मोबाइलवर टिपला असता तर प्रदर्शनात पहिला नंबर होता. टिपला नाही. बरोबर केलं ना?

खऱ्या अडकलेल्यांचा, दार उघडताना, फोटो काढणार नाही हे पक्कं आहे. त्या वेळी माझ्या हातात लिफ्टचं दार बाहेरून उघडायची तिकोनी चावी असते, तिथे कॅमेरा शोभत नाही. मग काढायचं काय?

एफ_अकरा

आकड्याचं आधी मिटवू. तो डिस्प्ले सगळ्या काड्या एकाच वेळी पेटवत नाही, आळीपाळीने पण फार वेगाने पेटवतो. डोळ्याला पूर्ण दिसतो. तुम्ही शटर १/५०० सेकंदाला मारलात तर त्या क्षणी पेटलेल्या काड्याच येणार. शटर १/३० किंवा त्याहून खाली आणा, पाठ केबिनला टेकवून श्वास धरा, पूर्ण ८ येईल. केबिनमधल्या एलईडीमुळे फोटोवर आडवे पट्टे येत असतील तर १/५० किंवा १/१०० वापरा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे त्या वेगाला पट्टे जातात.

दुसरं, जाळी. राणीबागेत लोक लेन्स जाळीला चिकटवतात, छिद्र पूर्ण उघडतात आणि जाळी फोटोतून गायब करतात. बिबट्या जंगलात काढल्यासारखा दिसतो. तुम्हाला उलटं करायचंय. मागे सरका, छिद्र बारीक, म्हणजे एफ ११ ठेवा, जाळीही धारदार येऊ द्या आणि मागचा माणूसही. डोळा मग ठरवू शकत नाही की कुठे थांबावं.

सीसीटीव्हीबद्दल: फोटो तुमचा नाही, विषय संपला.

विरारफास्ट

तिकोनीदादा, लिफ्टमध्ये निदान कुणीतरी सोडवायला येतं. आमचं काय! :)

मस्करी सोडा, पण मायकल वूल्फ या फोटोग्राफरची ‘टोकियो कॉम्प्रेशन’ ही फोटोमालिका बघा. टोकियोत शिमोकिताझावा नावाचं स्टेशन आहे. सकाळच्या गर्दीत तिथे उभं राहून त्याने गाडीच्या काचेला दाबले गेलेले चेहरे काढले. काचेवर वाफ धरलेली, पाण्याचे ओघळ, गाल चपटे झालेले, कुणाचे डोळे मिटलेले. डबा नाही, रूळ नाही, स्टेशन नाही, फक्त काच आणि चेहरा. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा पोटात खड्डा पडला, कारण २०१७ च्या डिसेंबरात आपल्याकडे एसी लोकल आली तेव्हापासून हे दृश्य इथेही आहे. साध्या लोकलला दारात लटकायला मिळतं, वारा लागतो, बोरिवलीला कोण उतरणार यावर भांडता येतं. एसीत दार बंद झालं की काचेपलीकडचं जग मुकं. चुकून फास्ट पकडली आणि आपलं स्टेशन समोरून जाताना बघितलं, की माणसाचं तोंड कसं होतं ते मी रोज बघतो.

मुद्दा काय, लिफ्ट दाखवूच नका. चेहरा आणि एक पृष्ठभाग, बास.

रेखाटनवही

मी साताऱ्याकडची निवृत्त चित्रकला शिक्षिका. फोटोग्राफी शिकलेली नाही, पण चाळीसेक मुलांची चित्रं एका तासात तपासायची सवय आहे, म्हणून बोलते.

विरारफास्ट यांनी सांगितलेले फोटो मी पाहिले आहेत. ताकद आहे, नाकारत नाही. पण त्यातल्या काही लोकांनी कॅमेरा दिसल्यावर चेहऱ्यापुढे हात धरला आहे किंवा डोळे घट्ट मिटून घेतले आहेत. त्यांना हलायलासुद्धा जागा नाही आणि समोर एक माणूस मोकळ्या फलाटावर उभा राहून त्यांना टिपतो आहे. तो अडकलेल्यांचा फोटो आहेच, शिवाय अडकलेल्यांना बघणाऱ्याचाही आहे. तिकोनी चावी, तुम्ही चावी हातात असताना कॅमेरा धरत नाही म्हणालात, ते मला याच कारणासाठी पटलं.

तुमचे तिन्ही फोटो फसले असं मला वाटत नाही, ते तिन्ही एकाच बाजूने काढलेले आहेत. मुलगा जाळीआड, कॅमेरा जिन्यात. रिकामी केबिन, कॅमेरा दारात. अगदी आकडासुद्धा तुम्ही दार उघडं ठेवून काढला असणार, कारण तुम्ही मेकॅनिक, दार बंद झालं तरी तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. सीसीटीव्ही तर छतावरून बघतो. आत उभं राहून बाहेर जाण्याच्या दिशेने काढलेला एकही फोटो नाही तुमच्याकडे.

चित्रात माणूस कोंडलेला दाखवायचा तर मुलं हमखास गज काढतात. मग मी त्यांना सांगायची, गज पुसा आणि माणूस कागदाच्या कडेला नेऊन त्याची नजर त्याच कडेकडे वळवा. भरपूर मोकळा कागद ठेवा, पण तो त्याच्या पाठीकडे. नजरेला जायला जागा नाही म्हटल्यावर गजांचं काम उरत नाही. फोटोतही हे चालायला हवं.

आणि गज दाखवायचेच असतील तर फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँने १९७५ मध्ये अमेरिकेत लीसबर्गच्या तुरुंगात काढलेला फोटो पाहा. एकांतकोठडीतल्या कैद्याचा मूठ वळलेला हात आणि एक पाय गजांमधून बाहेर आलेला. हा फोटोग्राफर स्वतः दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता, दोनदा पळताना पकडला गेला, तिसऱ्यांदा १९४३ मध्ये सुटला. तो गजांकडे बघतो ते तुमच्यामाझ्यासारखं नाही.

तिकोनी_चावी

मॅडम, तुम्ही बरोबर ओळखलंत. दार उघडंच होतं, पायाने धरून ठेवलं होतं. सेन्सरला बूट.

पण आतून काढू तर काय काढू? आतून दिसतं ते स्टीलचं बंद दार. हेअरलाइन फिनिश, म्हणजे बारीक रेघांचं, मधे एक फट. त्यात बघण्यासारखं काय आहे? जुन्या जाळीच्या लिफ्टमध्ये निदान भिंत सरकताना दिसते, मजल्यांचे आकडे रंगवलेले असतात, अडकलात तर जिन्यावरच्या माणसाशी बोलता येतं. एका बिल्डिंगमध्ये तर अडकलेल्या आजोबांना शेजारणीने जाळीतून चहाचा कप दिला होता, मी पोचेपर्यंत त्यांचं पेपर वाचून झालेलं. स्टीलच्या केबिनमध्ये असलं काही नाही. बंद दार म्हणजे बंद दार.

@विरारफास्ट, माझ्या डोळ्यासमोर आता तुमचं बोरिवली आहे, धन्यवाद :)

सॅनहोजेकर

रेखाटनवही यांच्या ‘कॅमेरा कोणत्या बाजूला’ वरून लिहावंसं वाटलं. कॅलिफोर्नियात ३९५ नंबरच्या रस्त्याने सिएरा नेवाडाच्या पूर्वेकडून जाताना मान्झनार लागतं. आम्ही दर वेळी डोंगर बघायला म्हणून त्या रस्त्याने जायचो आणि पुढे निघून जायचो. या वेळी थांबलो.

१९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांमध्ये डांबलं. सव्वा लाखाच्या आसपास माणसं, त्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक. मान्झनार ही त्यातली एक छावणी, एका वेळी दहा हजारांवर लोक. सपाट वाळवंटी जमीन, वारा आणि मागे बर्फाचे डोंगर. जागा इतकी सुंदर आहे की राग येतो.

इथे तीन फोटोग्राफरांनी काम केलं आणि तिघांच्या जागा वेगवेगळ्या. डोरोथिया लँगला सरकारनेच नेमलं होतं. तिने जे टिपलं ते लष्कराला पसंत पडलं नाही, फोटो युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवले. अँसेल अ‍ॅडम्स १९४३ मध्ये आला. त्याला पहारेबुरूज, काटेरी तार, बंदूकधारी पहारेकरी काढायला मनाई होती. त्याने हसरे चेहरे, शेतं, व्हॉलीबॉल, शाळा काढली. छावणीचं एक दूरवरचं दृश्य आहे त्याचं, लांबच लांब बराकींच्या रांगा. ते त्याने पहारेबुरुजावरून काढलंय. फोटोत बुरूज नाही, कारण कॅमेराच बुरुजावर आहे. मी त्या फोटोसमोर बराच वेळ उभा होतो.

तिसरा तोयो मियाताके. लॉस एंजेलिसमध्ये त्याचा स्वतःचा स्टुडिओ होता, आणि आता तो कुटुंबासकट आत. कैद्यांना कॅमेरा बाळगायला बंदी. त्याने एक लेन्स आणि फिल्म होल्डर लपवून आणला आणि आतल्याच एका सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली. लांबून जेवणाचा डबा वाटावा अशी. त्याने गुपचूप फोटो काढले. पुढे हे उघडकीला आलं, पण छावणीच्या संचालकाने शिक्षा करण्याऐवजी त्याला अधिकृत फोटोग्राफर केलं. सुरुवातीचा नियम मात्र ऐका: फोटो त्याने जुळवायचा, फोकस त्याने करायचा, पण शटर दाबायचं ते गोऱ्या कर्मचाऱ्याने. अडकणं म्हणजे काय हे मला त्या नियमात जितकं कळलं तितकं काटेरी तारेत नाही कळलं.

त्याचा सगळ्यात माहीत असलेला फोटो म्हणजे तारेमागे उभी तीन मुलं. गंमत अशी की तो काढताना मियाताके तारेच्या बाहेरच्या बाजूला आहे आणि मुलं आत. सरळ सरळ जुळवून काढलेला फोटो. पण तार कुठल्या बाजूने कशी दिसते हे त्याला दोन्हीकडून माहीत होतं. त्यामुळे रेखाटनवही, ‘आतून काढा’ हा नियम मी एवढा कडक धरणार नाही. आत राहिलेल्याने बाहेरून काढलं तर चालतं.

गिरगावातली_मावशी

त्यासाठी अमेरिकेला कशाला जायचं? आपल्या मुंबईतल्या फॉकलंड रोडवरच्या वेश्यावस्तीतले ‘पिंजरे’ सगळ्या जगाने बघितलेत. आता त्या रस्त्याला पठ्ठे बापूरावांचं नाव आहे. येताजाता रस्त्यावरून गजांचे फोटो घेणारे पैशाला पासरी होते. मेरी एलन मार्क ही अमेरिकन फोटोग्राफर बाईही आधी तशीच आली होती, तर बायकांनी तिच्यावर पाणी नि कचरा फेकला. मला विचाराल तर योग्य केलं. तरी ती येत राहिली, १९७८ मध्ये पुन्हा आली तेव्हा ओळखी झाल्या, आत घेतलं गेलं. १९८१ च्या तिच्या पुस्तकात गज आहेत, पण आतली आरशासमोरची तयारी, पोरांना जवळ घेणं, दुपारची आळसावलेली वेळ, हेही आहे. ते पुस्तक मला पूर्ण पटत नाही. चेहरे उघडे टाकलेत, त्या बायकांनी होकार देताना हे फोटो कुठवर जातील याची कल्पना त्यांना कितपत असणार? पण गजांच्या आत दुपार असते हे तिने दाखवलं, रस्त्यावरच्यांना ते दिसणारच नव्हतं.

तुमची ती भाजी लावणारी बाई, चावीदादा, तीच ती दुपार. फोटो नसला तरी ती विसरू नका.

तिकोनी_चावी

सगळ्यांचं वाचलं, ट्रेनमध्ये दोनदा वाचलं. मॅडमनी सांगितलं तसं केलं. परळला एका सोसायटीत महिन्याच्या सर्व्हिसिंगला गेलो होतो. सहा माणसांची लिफ्ट, ४०८ किलोची पाटी. हेल्परला गच्चीवर मशीन रूममध्ये बसवलं, सेक्रेटरींना सांगितलं, खाली-वर ‘काम चालू आहे’ चे बोर्ड लावले. केबिन दोन मजल्यांच्या मधे उभी केली आणि मेन बंद करायला सांगितला. (कुणी घरी करू नका. लिफ्ट हे कॅमेऱ्याचं खेळणं नाही, हेल्पर आणि माझ्यात सारखं बोलणं चालू होतं.)

इतकी वर्षं मी केबिनच्या डोक्यावर बसून शाफ्टमधून फिरलो, खाली पिटमध्ये, म्हणजे शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात, पावसाचं पाणी उपसलं. आत, दार बंद, दिवा बंद, असा मुद्दाम उभा कधी राहिलो नव्हतो. इमर्जन्सी लाइट लागली, तिची बॅटरी उतरलेली, त्यामुळे मिणमिणता उजेड. तीही लगेच बदलून टाकली, ते वेगळं.

काय काढायचं म्हणून टॉर्च लावली आणि दारावर तिरकी धरली. समोरून धरली असती तर नुसता चमकारा दिसला असता. तिरक्या उजेडात काय दिसलं सांगू? मधल्या फटीच्या दोन्ही बाजूंना बोटांचे ठसे. शेकडो. बोटं रुतवून दार ओढायचा प्रयत्न केलेल्यांचे ओरखड्यासारखे घसरलेले ठसे, छातीच्या उंचीवर सगळ्यात जास्त. त्याखाली, माझ्या कमरेच्या जरा वर, छोट्या बोटांचे. आणि एका ठिकाणी अख्खा तळहात. बाकीचं दार स्वच्छ, सफाईवाल्या मावशी रोज पुसतात, पण फटीजवळ फडकं नीट फिरत नाही, तिथे थर राहतो. मी इतक्यांना ओरडून सांगतो ‘दार ओढू नका’, आणि सगळ्यांनी ओढलेलं दिसत होतं.

कॅमेरा पाठीमागच्या भिंतीला टेकवून १८ वर ठेवला, एफ ८, दोन सेकंद, टायमर. तेवढ्या वेळात टॉर्च डावीकडून हळू फिरवली. हेअरलाइन स्टीलमध्ये माझं प्रतिबिंब येतंय, पण चेहरा ओळखू येत नाही, नुसता काळसर उभा डाग. काढून टाकावा म्हणून खूप कोन बदलले. मग तसाच राहू दिला. आत मी होतो, तर दिसायला काय हरकत आहे.

एक फोटो निवडलाय. फट बरोबर मधोमध, ठसे दोन्हीकडे, खाली उंबऱ्याच्या खोबणीत अडकलेला गुटख्याच्या पुडीचा कोपरा. तो कोपरा लिफ्ट बंद पडायचं सगळ्यात नेहमीचं कारण, म्हणून क्रॉप केला नाही. आकडा वगैरे नाही. एफ अकरांनी शिकवलेलं १/३० वाया गेलं, पण आता ८ चा ८ येतो हे कळलं.

विरारफास्ट

छोट्या बोटांचे वाचून अंगावर काटा आला. फोटो टाका ना इथे.

तिकोनी_चावी

प्रदर्शन झाल्यावर टाकतो, नियम आहे.

एफ_अकरा

तिरका उजेड ही बरोबर निवड. छापताना चकचकीत कागद घेऊ नका, हॉलचे दिवे त्यात चमकतील आणि ठसे बुडतील. मॅट घ्या, आणि छापणाऱ्याला सांगा की काळा भाग उजळवू नकोस. हे लोक विचारल्याशिवाय सावल्या उघडून देतात. शक्य असेल तर मोठा छापा, दार खऱ्या मापाचं होईल इतका. फट बघणाऱ्याच्या छातीसमोर यायला हवी.

रेखाटनवही

खऱ्या मापाचा आग्रह मला पटत नाही. मोठा केला की तो देखावा होतो, लोक समोर उभे राहून सेल्फी घेतील. लहान ठेवा, जवळ जाऊन वाकून बघावं लागेल इतका. वाकल्यावर मग त्यांना कळेल की छोटे ठसे कुठल्या उंचीवर आहेत. खाली शीर्षक द्यायचं असेल तर ‘कोंडमारा’, ‘घुसमट’ असलं काही नको. ती ४०८ किलोची पाटी जशी आहे तशी लिहा, किंवा काहीच लिहू नका.

आणि सफाईवाल्या मावशींना फोटो आधी दाखवा. आपल्या कामात खोट काढली असं त्यांना वाटता कामा नये.

तिकोनी_चावी

मावशींचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं मॅडम. गुरुवारी त्या बिल्डिंगला जायचं आहे, मोबाइलवर दाखवतो.

मापाचं भांडण मात्र आपोआप मिटलंय. ग्रुपने सगळ्यांना १२ बाय १८ इंच ठरवून दिलंय, वर फ्रेमला काच सक्तीची. काचेवर चमक येणारच. एफ अकरा, काचेला काही उपाय?

एफ_अकरा

चमक न मारणारी काच मिळते, पण महाग. आधी हॉलमध्ये जाऊन दिवे कुठे आहेत ते बघा आणि खिडकीसमोरची जागा घेऊ नका. काच नकोच असेल तर आयोजकांना विचारून फोमबोर्डवर चिकटवा. नियम बहुतेक वेळा विचारल्यावर वाकतात.